वाचकांचे प्रश्न : मॉरिशसची एकी आणि मॉरिशसचा पाव

गेल्या अंकात मॉरिशसमधील माझ्या दोन वर्षांच्या वास्तव्याविषयी मी चार पाने लिहिली होती. भिन्न वंशांची आणि धर्मांची माणसे त्या लहानशा बेटावर एकत्र कशी नांदतात, हा त्या लेखाचा विषय होता आणि ‘महागाईने मात्र तेथील माणूस जेरीला आला आहे’ एवढे एकच वाक्य मी जाता जाता त्यात टाकले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्मी पत्रे त्या एका वाक्यावर आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून पुढे उत्तरे दिली आहेत.

मॉरिशसचे लोक गुण्यागोविंदाने राहतात असे आपण लिहिले आहे. हा त्यांचा स्वभाव समजायचा, की चांगल्या नेतृत्वाचे फळ? की पर्यटकाला दिसणारे चित्रच आपण रंगवले आहे? — एक निवृत्त मुख्याध्यापक, सातारा

आपली तिसरी शंका रास्त आहे आणि गेल्या लेखात रंग थोडा जास्त झाला, हे मान्य करतो. स्वभावाचे म्हणाल, तर तेथील माणसे आपल्याहून अधिक सोशिक किंवा अधिक उदार आहेत असे मला दोन वर्षांत दिसले नाही. शेजाऱ्याच्या लाउडस्पीकरवरून तेथेही भांडणे होतात आणि मुलामुलींची लग्ने ठरवताना आईवडील जात, भाषा आणि धर्म यांची चौकशी आपल्याइतक्याच बारकाईने करतात.

त्या बेटाला मूळ रहिवासी असे कोणी नाहीत. डच आले, फ्रेंच आले, फ्रेंचांनी आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले, १८१० मध्ये बेट इंग्रजांकडे गेले, १८३५ मध्ये गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना हात हवे म्हणून हिंदुस्थानातून गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध, मजूर नेण्यात आले. पुढील काही दशकांत सुमारे साडेचार लाख माणसे पोर्ट लुई बंदराच्या ज्या घाटावर उतरली, त्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या आजही जपलेल्या आहेत. चिनी व्यापारी आले ते वेगळेच. सगळेच बोटीतून उतरलेले असल्यामुळे ‘आम्ही येथले, तुम्ही उपरे’ असे छातीठोकपणे कोणालाच म्हणता येत नाही. असे असले तरी जमीन आणि साखर कारखाने मूठभर फ्रेंचवंशीय कुटुंबांकडे आणि कोयता इतरांच्या हाती, ही वाटणी दीर्घकाळ टिकली आणि तिचे अवशेष अजूनही दिसतात.

१९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्य हाच मुद्दा होता आणि सुमारे ४४ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याच्या विरोधात कौल दिला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. इंग्रज गेले की बहुसंख्य हिंदूंचे राज्य येईल, ही भीती क्रिओल (मुख्यतः गुलामांचे वंशज), चिनी आणि काही मुसलमानांच्या मनात होती आणि गाएतां दुव्हाल हे त्या भीतीला वाचा फोडणारे पुढारी होते. १९६८ च्या जानेवारीत पोर्ट लुईमध्ये मुसलमान आणि क्रिओल यांच्यात दंगल उसळली, पंचवीस-तीस माणसे मारली गेली, कित्येक कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्यांचे मोहल्ले सोडले आणि शेवटी सिंगापूरहून ब्रिटिश फौज आणावी लागली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १२ मार्च रोजी, देश स्वतंत्र झाला. ज्या शहरातील जळक्या घरांचा वास अजून गेला नव्हता, त्याच शहरात नवा झेंडा चढला.

पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांनी त्यानंतर जे केले, त्याला मी नेतृत्व म्हणतो. स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्या दुव्हालांनाच त्यांनी दीड-दोन वर्षांत सरकारात घेतले आणि परराष्ट्रमंत्री केले. पराभूत झालेल्या ४४ टक्क्यांना त्यामुळे राज्यकारभारात आपला माणूस दिसू लागला. मात्र याच मांडवलीच्या पोटी १९७२ मध्ये व्हायची निवडणूक थेट १९७६ पर्यंत लांबली आणि मधल्या काळात देशाने आणीबाणीही पाहिली, तेव्हा या व्यवहाराची किंमत लोकशाहीने मोजली हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे. माझे मत विचाराल तर तेथील एकीत प्रेमाचा भाग थोडा आणि हिशेबाचा भाग मोठा आहे. कोणाच्या पानात काय वाढले हे सर्वांना दिसेल अशी पंगत तेथे बऱ्यापैकी सांभाळली गेली आहे. पुढील उत्तरांत मी वारंवार या हिशेबाकडे वळेन.

तेथील सामान्य कुटुंबाचा महिन्याचा खर्च कसा भागतो? सगळेच बाहेरून येत असेल तर भाव कोण ठरवते? — एक गृहिणी, चिपळूण

ताई, आपल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. लागवडीखालच्या बहुतेक जमिनीवर ऊस उभा आणि खाण्याच्या वस्तूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश आयात, अशी तेथील स्थिती आहे. तांदूळ, गहू, डाळ, तेल, दुधाची भुकटी आणि कांदा-लसूण हे बहुतांशी जहाजातून येते. त्यामुळे जहाजाचे भाडे वाढले किंवा मॉरिशसचा रुपया घसरला, की तो आकडा पंधरवड्यात किराण्याच्या पिशवीत उतरतो. करोनापूर्वी एका डॉलरला तेथील ३५-३६ रुपये पडत, ते २०२४ पर्यंत ४६ च्या आसपास गेले. २०२२ साली महागाईचा दर दहा टक्क्यांच्या वर होता.

आमच्या घरमालकीणबाई तमिळ वंशाच्या होत्या. त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या बाजूला एक वही टांगलेली असे आणि बाजारातून आल्या की पिशवी खाली ठेवण्याआधी त्या वहीत भाव टिपत. एकदा मला ती वही दाखवताना त्यांनी दुधाच्या भुकटीच्या रकान्यावर बोट ठेवले आणि काही न बोलता ते बोट खालपर्यंत ओढत नेले. पाच वर्षांचे आकडे त्या एका रकान्यात होते. नातवंडांसाठी सकाळचे दूध त्यांनी बंद केले नव्हते, पण स्वतःचा दुपारचा चहा त्या बिनदुधाचा घेऊ लागल्या होत्या आणि ‘डॉक्टरने सांगितले आहे’ असे सुनेला सांगत.

त्या वहीतील एक रकाना मात्र जवळजवळ न हलणारा होता आणि तो होता पावाचा. क्रिओल भाषेत पावाला ‘दिपें’ म्हणतात. सकाळी आणि पुन्हा दुपारी चारच्या सुमारास भट्टीतून गरम पाव निघतो, तेव्हा बेकरीसमोर जी रांग लागते ती पाहण्यासारखी असते. बुरखा घेतलेली बाई, शाळेच्या गणवेशातील चिनी वळणाच्या चेहऱ्याची पोर, गवंडीकामावरून आलेला क्रिओल तरुण आणि कपाळावर मोठे कुंकू लावलेल्या आमच्या घरमालकीणबाई असे सगळे त्या रांगेत एकाच भावाने पाव घेत. हा भाव सरकार ठरवते. गव्हाचे पीठ, रेशनचा तांदूळ आणि घरगुती गॅस यांवर अनुदान आहे आणि धान्य व इंधनाची आयात १९८२ साली स्थापन झालेल्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेमार्फत होते.

हे अनुदान येते कोठून, हा यातील खरा मुद्दा आहे. पेट्रोल-डिझेलच्या प्रत्येक लिटरच्या किमतीत तांदूळ, पीठ आणि गॅस यांच्या अनुदानासाठी एक वेगळी रक्कम धरलेली असते. म्हणजे मोटारवाला टाकी भरतो तेव्हा रेशनच्या तांदळाला हातभार लावतो. कागदावर ही युक्ती न्यायाची वाटते आणि बऱ्याच अंशी ती तशी आहेही. परंतु भाजीचा टेम्पोही डिझेलवरच चालतो, त्यामुळे पावावर वाचलेले पैसे टोमॅटोवर जातात. २०२२ च्या एप्रिलमध्ये इंधनाच्या दरवाढीवरून काही वस्त्यांमध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि पोलिसांशी चकमकी झाल्या, त्यामागे हाच गुंता होता.

घरखर्चाला टेकू देणाऱ्या आणखी काही गोष्टी तेथे आहेत. माध्यमिक शिक्षण १९७७ पासून मोफत आहे, विद्यार्थी आणि वृद्ध यांना २००५ पासून बसचे तिकीट काढावे लागत नाही आणि सरकारी दवाखान्यात पैसे द्यावे लागत नाहीत. वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन तर मळेवाल्यालाही मिळते आणि ऊसतोड कामगाराच्या विधवेलाही मिळते. त्याचे वय ६० होते. २०२५ च्या अर्थसंकल्पात ते टप्प्याटप्प्याने ६५ वर नेण्याचा निर्णय झाला आणि त्यावर मोठा गदारोळ उठला. तिजोरीचा विचार केला तर निर्णय टाळता येण्यासारखा नव्हता, असे माझे मत आहे; पण निवडणुकीत ज्याचा उच्चार केला नाही ते सत्तेवर आल्यावर सात महिन्यांत लोकांपुढे ठेवणे, याला चांगले नेतृत्व म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आमच्या कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा मॉरिशसला मात्र कांदा गेला, असे वाचले होते. हे खरे का? — एक कांदा उत्पादक, निफाड

होय, खरे आहे. भारताने २०२३ च्या डिसेंबरमध्ये कांद्याची निर्यात बंद केली आणि २०२४ च्या मे महिन्यात ती पुन्हा खुली झाली. मधल्या काळात मित्रदेशांना ठरावीक प्रमाणात कांदा पाठवण्याची परवानगी सरकारने दिली आणि त्यात मॉरिशसच्या वाट्याला १,२०० टन आले. साडेबारा लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या देशात हा कांदा माणशी जेमतेम एक किलो होतो.

आपला राग मी समजू शकतो. येथील शहरी गृहिणीला कांदा स्वस्त मिळावा म्हणून लासलगावच्या बाजारात आपला भाव पाडला गेला आणि त्याच निर्णयाने सुमारे पावणेपाच हजार किलोमीटरवर दुसऱ्या गृहिणीचा कांदा महागला. महागाई आवरण्याचा भार कोणावर टाकायचा हे ठरवताना ज्याचा आवाज राजधानीत ऐकू जात नाही त्याच्यावर तो टाकला जातो, ही रीत दोन्ही देशांत सारखीच आहे. मॉरिशसच्या पेट्रोलच्या हिशेबात निदान कोणाकडून किती घेतले हे छापलेले असते.

मॉरिशसच्या संसदेत समाजनिहाय जागा भरल्या जातात असे अभ्यासात आले. यामुळे एकी वाढते की फूट पडते? — स्पर्धा परीक्षेचा एक विद्यार्थी, पुणे

आधी पद्धत समजून घेऊ. मतदारसंघ एकवीस आहेत. मुख्य बेटावरील वीस मतदारसंघांतून प्रत्येकी तीन आणि रॉड्रिग्ज बेटावरून दोन असे ६२ सदस्य निवडून येतात. त्यानंतर संसदेत एखाद्या समाजाला लोकसंख्येच्या मानाने कमी जागा मिळाल्या असतील, तर पडलेल्या उमेदवारांपैकी त्या समाजातील अधिक मते मिळवणाऱ्यांना जास्तीत जास्त आठ जागांवर घेतले जाते. याला ‘बेस्ट लूजर’ पद्धत म्हणतात. राज्यघटनेत त्यासाठी हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशीय आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ असे चार रकाने आहेत. पहिल्या तिन्हींत जो बसत नाही तो चौथ्यात जातो, मग तो फ्रेंचवंशीय मळेमालक असो की गुलामांचा पणतू.

गंमत अशी की जनगणनेत समाज विचारणे मागेच बंद झाले आणि तरी जागांचा हिशेब मात्र १९७२ च्या जनगणनेवर चालतो. ज्यांना कोणताच रकाना मान्य नव्हता अशा काहींचे उमेदवारी अर्ज फेटाळले गेले, प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत पोहोचले आणि इतक्या जुन्या आकड्यांच्या आधारे समाज जाहीर करण्याची सक्ती समर्थनीय नाही, असे समितीने २०१२ मध्ये सांगितले. २०१४ च्या निवडणुकीपुरती तात्पुरती सवलत दिली गेली. मूळ तरतूद घटनेत तशीच राहिली.

आता आपला प्रश्न. १९८२, १९९५ आणि अलीकडे २०२४ मध्ये मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा एकाच आघाडीने जिंकल्या. अशा लाटेत विरोधकांचे दोन-चार आवाज संसदेत उरतात ते याच पद्धतीमुळे. दंगलीच्या आठवणी ताज्या असताना, आपला माणूस आत आहे एवढ्या खात्रीने अनेक समाज शांत राहिले, हे मी नाकारत नाही. पण मोडलेल्या हाडाला बांधलेले प्लास्टर साठ वर्षे तसेच ठेवले तर आतला स्नायू वाळतो. पक्ष उमेदवार ठरवताना समाजाचीच गणिते मांडतात, पंतप्रधानपद बहुतेक काळ दोन कुटुंबांत फिरत राहिले आणि हिंदू नसलेला एकच पंतप्रधान, पॉल बेरांजे, २००३ ते २००५ या काळात झाला, तोही आघाडीतील आधीच ठरलेल्या वाटणीमुळे. परीक्षेत आपण दोन्ही बाजू लिहा. माझे मत ही पद्धत बदलावी असे आहे, मात्र ती बदलताना लहान समाजांना तिच्या बदल्यात काय मिळणार हे आधी सांगितले पाहिजे.

नोटेवरील भाषांवरून तेथे वाद झाला होता काय? — एक वाचक, सोलापूर

झाला होता. तेथील नोटांवर इंग्रजी, तमिळ आणि हिंदी या क्रमाने मजकूर असे. १९९८ मध्ये निघालेल्या नव्या नोटांवर तमिळ खाली आणि देवनागरी वर गेली. तमिळ समाज खवळला, कारण तमिळ माणसे बेटावर आधी आली होती आणि तो क्रम त्यांना आपल्या आधी येण्याची पावती वाटत असे. सरकारने नोटा मागे घेतल्या आणि जुन्या क्रमाने पुन्हा छापल्या. काही मंडळींना हा पैशाचा अपव्यय वाटला. मला वाटते, त्या छपाईखर्चात देशाने बरेच काही वाचवले.

तेथील एखाद्या चांगल्या नेत्याचे नाव सांगायचे झाले तर आपण कोणाचे सांगाल? — एक वाचिका, नाशिक

कासम उतीम यांचे. ते राष्ट्रपती होते आणि तेथील राष्ट्रपतींना आपल्या राष्ट्रपतींसारखेच अधिकार फार थोडे. १९९९ च्या फेब्रुवारीत काया नावाचा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेट पेटले. क्रिओल वस्त्यांमधील रोष पोलिसांवर होता, पण पोलीस दलात हिंदूंचा भरणा मोठा असल्याने त्याला वंशाचे वळण लागायला वेळ लागला नाही. त्या दिवसांत मुसलमान राष्ट्रपती उतीम आणि कॅथलिक कार्डिनल ज्यां मार्जेओ यांनी देशभर फिरून लोकांना शांत केले. चार दिवसांत आग विझली. पुढे २००२ मध्ये दहशतवादविरोधी कायद्यावर सही करणे मनाला पटेना, तेव्हा त्यांनी पदाचा राजीनामा दिला. कायदा त्यांच्यामागून मंजूर झालाच.

आपण पत्रात ‘महागाई असताना नेता कसा असावा’ असेही विचारले आहे. घरमालकीणबाईंची वही ज्याला वाचता येते, तो मला चालेल.

तेथील मराठी माणसे अजून मराठी बोलतात का? त्यांना मराठी म्हणून काही स्थान आहे का? — एक वाचक, राजापूर

आपल्या भागातील पत्राचे उत्तर मुद्दाम शेवटी ठेवले. तेथे गेलेले मराठी मजूर बहुतांशी कोकणपट्टीतील, रत्नागिरी आणि सावंतवाडीकडचे. आज ते संख्येने थोडे आहेत. निवडणुकीच्या रकान्यात त्यांची गणना ‘हिंदू’ म्हणून होते, परंतु रोजच्या बोलण्यात ‘मराठी’ हा वेगळा समाज मानला जातो. तमिळांना कावडीची, तेलुगूंना उगादीची, चिनी लोकांना वसंतोत्सवाची आणि मुसलमानांना ईदची सुटी असते, तशी गणेशचतुर्थीची राष्ट्रीय सुटी मराठी समाजाच्या नावे आहे. सुटी मात्र सगळ्या देशाला असते.

घरात बहुतेक सगळे क्रिओल बोलतात. मराठी शाळेत वैकल्पिक विषय म्हणून शिकवली जाते आणि आरत्यांमध्ये, ‘गमत’ नावाच्या गाण्यांत आणि ‘झाकरी’त ती जिवंत आहे. हा झाकरी म्हणजे तुमच्याकडची जाखडीच. गणपतीत कास्काव्हेल गावात मी तो पाहिला. गोल धरून नाचणाऱ्यांत एक क्रिओल मुलगा होता. ठेका अचूक, शब्द मात्र त्याला कळत नव्हते. कोणाचा तू, असे मी विचारले, तेव्हा त्याने शेजारच्या घराकडे बोट केले आणि ‘त्यांच्याकडे पुरणपुरी मिळते’ असे क्रिओलमध्ये सांगून पुन्हा गोलात शिरला. पुरणपुरी म्हणजे आपली पुरणपोळी. त्या वर्षी हरभऱ्याची डाळ परवडेना म्हणून यजमानीणबाईंनी पुरणात निम्मी पिवळ्या वाटाण्याची डाळ घातली होती, आणि ते त्यांनी मला, महाराष्ट्रातून आलेला पाहुणा म्हणून, ताट वाढतानाच जरा ओशाळून सांगून टाकले.